पाणी देत नाही

दोन हजार तेवीस साल. मला एकाहत्तरावं लागलं होतं. शाळा माझी तिसरीपर्यंत, तीही रडतखडत. तेव्हा लिहिण्यात कुठं चुकलं असेल तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. सांगण्यात चूक नाही, त्याची जबाबदारी माझी.

अवसरी बुद्रुकला आमची सहा हिश्शांची विहीर आहे. सहा घरं आणि मोटार एक. कुणी कधी पाणी धरायचं ते ठरलेलं असतं, त्याला आम्ही बारी म्हणतो. चाळीस वर्षं त्या बाऱ्यांची वही माझ्याकडं होती. वही म्हणजे रेघा, ठिपके आणि खुणा. माझ्याशिवाय ती कुणाला वाचता यायची नाही, पण मी वाचून दाखवली की पुढं कुणी बोलायचं नाही. लाईट गेली म्हणून बारी जात नाही, बुडालेले तास आधी त्याच घराला मिळायचे. सुतक पडलं तर त्या घराचं पाणी शेजारच्या हिश्शेदारानं धरायचं. बारी बदलून घेता येते, विकता येत नाही. असे आमचे नियम.

माझी सून पुण्याच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते. साथीच्या दिवसांत घरून काम सुरू झालं ते तसंच चालू राहिलं. आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात. एक दिवस माझी वही हातात धरून ती म्हणाली, "मामा, हे सगळं मी कॉम्प्युटरात घालू का?"

मी म्हणलं, "वहीला काय धाड भरलीय?"

"वहीला काही नाही झालं. पण ती फक्त तुम्हालाच वाचता येते."

पुढचं ती बोलली नाही, पण मला कळलं. एकाहत्तरीच्या माणसाला कळतंच. मी एकेक खूण तिला समजावून दिली. पंधरा दिवस रोज जेवण झाल्यावर बसायचो. मधेच ती म्हणायची, "मामा, हा नियम त्या नियमाच्या आड येतोय," आणि मी म्हणायचो, "येत न्हाई, तुला विहीर म्हाईत न्हाई." दोनदा तिचंच खरं निघालं. ते मी तिला सांगितलं नाही.

सॉफ्टवेअर तयार झालं. मग ती म्हणाली, हे मी खुलं ठेवणार आहे. म्हणजे कुणीही फुकट न्यावं, आतली सगळी यंत्रणा उघडून बघावी, बिघाड दिसला तर दुरुस्त करावा, आणि पुढच्याला देताना तसंच उघडं द्यावं. मला ते लगेच पटलं. आमच्या लहानपणी आई शेजारच्या चुलीतला विस्तव आणायची. त्यानं शेजारणीची चूल विझली असं कधी झालं नाही.

वर्षभरात ते बरंच लांब गेलं. सोलापूरकडची एक बाई, कॉलेजात शिकवते, तिनं त्यात कॅनॉलच्या पाण्याचा भाग जोडला. खोडदच्या एका डिप्लोमावाल्या शेतकऱ्यानं लाईटच्या वेळापत्रकाचा भाग लिहिला, दिवसाची लाईट कधी, रात्रीची कधी, ते. हा खोडदचा पाव्हणा चाळिशीचा, हुशार, आणि तोंडानं मोटारसायकलपेक्षा जोरात. त्याचं शेत त्या आकाशाकडं बघणाऱ्या, दुर्बिणीच्या मोठ्या तबकड्यांच्या शेजारी. तो मला तात्या म्हणायचा.

सगळं बरं चाललं होतं. गडबड झाली ती एका ओळीवरून.

एप्रिल महिना, उन्हं तापलेली. दुपारी मी ओट्यावर कांदा निवडत बसलो होतो. एक बाई फाटकाशी आली. चाळिशीची असेल. हातात प्लॅस्टिकची पिशवी, छातीशी धरलेली.

"बाबा, मोबाईलवर पाणी द्येत्यात ते हितंच का?"

मी म्हणलं, "काय द्येत्यात?"

"पाणी. नोंदणी करायची व्हती."

तिला बसवलं, पाणी दिलं. एक तांब्या तिनं श्वास न घेता संपवला. मग पिशवी उघडली. चौदा घरांचे कागद. सातबारा, आधार कार्ड, पासबुकाची झेरॉक्स, प्रत्येकाचे दोन-दोन फोटो, सुतळीनं वेगवेगळे बांधलेले. घोडेगावच्या पलीकडं डोंगरात तिची वाडी. ती तिथल्या बचत गटाची अध्यक्ष. वाडीला एकच टाकी, उन्हाळ्यात झरा आटला की तिच्यात तळाला राहील तेवढं पाणी. घोडेगावात एस.टी. स्टॅण्डच्या बाजूला चहाच्या टपरीवर तिनं एक कागद चिकटवलेला पाहिला. त्याचा फोटो तिच्या मोबाईलात होता. तिनं मला दाखवला. मी अक्षर लावत लावत वाचलं:

"शेतकऱ्यांसाठी मोफत! सामाईक पाणी आता तुमच्या मोबाईलवर. आजच नोंदणी करा."

खाली आमच्या सॉफ्टवेअरचं नाव, आमचं गाव आणि सुनेचा नंबर.

आता तुम्हीच सांगा. आमच्या भागात "शेतकऱ्यांसाठी", "मोफत" आणि "नोंदणी" हे तीन शब्द एका कागदावर दिसले, तर ती काय समजायची? स्कीम. दुसरं काय! ठिबकची स्कीम तशीच येते, विहिरीची तशीच येते. कुणीही शहाणा माणूस हेच करील, झेरॉक्सच्या दुकानात जाईल. तिनं काहीच चूक केली नव्हती.

मी सुनेला हाक मारली. ती बाहेर आली, कागद बघितले आणि तिच्या चेहऱ्याचा रंगच उतरला. तिनं त्या बाईला हळूहळू समजावलं, की हे पाणी देत नाही, असलेल्या पाण्याची बारी फक्त लक्षात ठेवतं. सरकारचं नाही, सगळ्यांना खुलं आहे. ह्यात कुणाला काही मिळत नाही.

बाई ऐकत राहिली. मग म्हणाली, "खुलं हाय म्हणता, म्हंजी खुल्या वर्गाला हाय का? आमचा दाखला येगळा हाय."

"नाही हो ताई, तसं नाही."

बाईनं एकेक गठ्ठा परत पिशवीत ठेवला. "चौदा घरांस्नी मी सांगितलंय, पाणी यायचंय. म्हाताऱ्या माणसांस्नी फोटोला घोडेगावला नेलं मी. आता काय तोंड घिऊन जाऊ?"

चाळीस वर्षांत माझ्या वहीनं कुणाला फसवलं नव्हतं. आणि आता तीच वही लोकांना उन्हातान्हात खोट्या आशेनं बोलावत होती.

ती गेल्यावर मी सुनेला विचारलं, "ही कागदावरची वळ कुणी लिहिली?"

"खोडदच्या त्यांनी. चांगल्या मनानं केलंय मामा."

"आन तू काय लिहिलंयस?"

तिनं दाखवलं. मोबाईलवर सॉफ्टवेअर उतरवून घ्यायचं एक दुकान असतं, तिथं नावाखाली एक ओळ लिहावी लागते. तिथं तिनं लिहिलं होतं: "समुदाय-आधारित सिंचनक्रम नियोजनाची मुक्तस्रोत प्रणाली." कॉलेजच्या बाईनं आपल्या पानावर तिसरंच लिहिलेलं, "पाणीवाटपातील पारदर्शकतेसाठी डिजिटल साधन."

"तीन जागी तीन," मी म्हणलं. "एका जनावराला तीन नावांनी हाका मारल्या तर ते कुणाकडं जायचं?"

सून म्हणाली, "ते खरंय. एकच ओळ ठरवायला पाहिजे, सगळीकडं तीच. पण त्या दुकानात ऐंशीच अक्षरं चालतात."

"ऐंशी लई झाली."

"मामा, काना, मात्रा, वेलांटी, सगळं वेगळं धरतात. मधली मोकळी जागासुद्धा."

"मोकळी जागा? रिकाम्या वाफ्याचंबी पाणी धरत्यात व्हय?"

ती हसली. मी हसलो नाही. मी ठरवलं होतं, ही ओळ सरळ होईपर्यंत गप्प बसायचं नाही.

आठ दिवस फोनवर फोन झाले. सुनेनं त्या सॉफ्टवेअरच्या पानावर चर्चा उघडली, तिथं कुठून कुठून लोकांनी मतं टाकली. ती मला रोज वाचून दाखवायची. कुणी म्हणे "स्मार्ट" शब्द घाला, कुणी म्हणे "सक्षमीकरण" घाला. एकानं तर "जलक्रांती" लिहिलं. मी म्हणलं, आलेत का ह्यातलं कुणी कधी बारीला उभं राहून?

खोडदच्या पाव्हण्याशी माझी फोनवर चांगलीच जुंपली.

"तात्या, मोफत काढलं तर कोण बघतंय? मोफत वाचूनच माणूस थांबतो."

"थांबतो आन कागद काढतो. चौदा घरांनी काढलं. तू व्हतास का बघायला?"

"एक बाई चुकली म्हणून..."

"ती न्हाई चुकली. तू चुकलास. तुझ्या शेजारच्या तबकड्यांना म्हणं तारे बोललेलं ऐकू येतं. तुला एवढी एक बाई बोललेली ऐकू येईना?"

त्यानं फोन ठेवला. मीही ठेवला. पण अर्ध्या तासात त्याचाच परत आला. म्हणाला, "काय करायचं म्हणताय मग?"

तेव्हा मी त्याला आमच्या विहिरीची जुनी रीत सांगितली. आमच्या वाडवडलांच्या वेळी सहा हिश्शेदारांत सही करता येणारा एकच होता. त्यानं लिहिलेल्या कागदावर बाकी पाच जणांचा भरोसा नसायचा, कारण लिहिणारा मधे काय घुसडील काय सांगावं. म्हणून नवा नियम करायचा झाला की सगळे विहिरीपाशी जमायचे. नियम एकच वाक्य. ते प्रत्येकानं आपल्या तोंडानं म्हणायचं, जसंच्या तसं. एकाचा एक शब्द जरी इकडचा तिकडं झाला, तरी तो नियम झाला नाही. परत पहिल्यापासून. ज्याला म्हणता येत नाही, त्याला तो पटलेला नाही किंवा कळलेला नाही, असं आम्ही धरायचो. ह्याला आम्ही तोंडी करणं म्हणायचो. हात वर करून मोजायचं नाही, चौघं ह्या बाजूला आणि दोघं त्या बाजूला असलं काही नाही. सहाच्या सहा तोंडं एक झाली पाहिजेत.

"ही वळ तोंडी करायची," मी म्हणलं. "रविवारी विहिरीवर या. आन घोडेगावच्या गाडीनं निरोप धाडून त्या बाईला मी बोलावतोय."

"त्या कशाला? त्यांनी कुठं कोड लिहिलंय?"

"तिच्यासाठीच तर लिहितोय का न्हाई? तिला म्हणता आली न्हाई तर तुझं कोड चाटायचंय का?"

रविवारी दुपारी आम्ही जमलो. विहिरीवर आंब्याचं झाड आहे, त्याच्या सावलीत घोंगडी टाकली. मोटारीच्या खोलीपाशी इंटरनेट चांगलं येतं म्हणून सुनेनं तिथंच लॅपटॉप मांडला, त्यात सोलापूरची बाई दिसत होती. खोडदचा पाव्हणा आला तो टरबूज घेऊन. डोंगरातली बाई दोन गाड्या बदलून आली. तिच्या हातात पिशवी नव्हती. मी विचारलं, "वाडीत सांगितलं का?" ती म्हणाली, "अजून न्हाई. रोज इच्यारत्यात. मी म्हणते, साहेब सुट्टीवर हायेत."

साहेब म्हणजे मीच झालो की.

पहिल्यांदा सुनेची ओळ घेतली. खोडदवाल्यानं ती म्हणली, "समुदाय-आधारित सिंचन... नियोजनक्रम..." आणि अडकला. डोंगरातल्या बाईनं पदर तोंडाला लावला. मी सुनेलाच म्हणायला लावलं. पहिल्या वेळी आलं. दुसऱ्या वेळी "प्रणालीची मुक्तस्रोत" झालं. ती स्वतःच म्हणाली, "राहू द्या. हे मी माझ्यासारख्यांसाठी लिहिलं होतं." पण "मुक्तस्रोत" शब्द जाताना तिला जड गेलं, ते मला दिसलं. तिचा जीव त्यातच होता, सगळ्यांसाठी उघडं ठेवण्यात. सोलापूरच्या बाईनं तिची समजूत काढली, की तो शब्द खालच्या मोठ्या माहितीत घालू, तिथं जागेला मर्यादा नाही. सोलापूरच्या बाईनं स्वतःची ओळ मात्र न विचारताच मागं घेतली. "पारदर्शकता मलाच नीट म्हणता येत नाही," असं म्हणाली. शहाणी बाई.

मग खोडदची ओळ घेतली. ती सगळ्यांना म्हणता आली. पाणी प्यावं तशी. पाव्हणा माझ्याकडं बघून मिशीत हसायला लागला.

मी बाईला विचारलं, "बाई, ही वळ ऐकून तू येताना काय घिऊन येशील?"

"सातबारा, आधार, पासबुक, दोन फोटो," ती म्हणाली. "आन सरपंचांचा दाखला. मागच्या येळी तो ऱ्हायला व्हता."

पाव्हण्याचं हसू गेलं. थोडा वेळ तो आंब्याच्या मुळीवर नखानं रेघा ओढत बसला. मग म्हणाला, "बरं. मोफत काढा. नोंदणीबी काढा."

मी म्हणलं, "आता माझी घ्या." आठ दिवस मी ती घोळवत होतो. सुनेनं लिहून घेतली:

"अवसरीच्या सामाईक विहिरीची बारी कुणाची, कधी, हे लक्षात ठेवतं. पाणी देत नाही."

पाव्हणा एकदम उसळला. "पाणी देत नाही? तात्या, आपल्याकडं काय न्हाई ते कुणी पाटीवर लिहितं का? हॉटेलवाला लिहितो का, हितं मटण मिळत न्हाई?"

"लिहितो की. शुद्ध शाकाहारी लिहितो, ते काय आसतं?"

सोलापूरची बाई मोठ्यानं हसली. सून म्हणाली, "मामा बरोबर म्हणतायत. लोक कशासाठी चुकून येतात, तेच आधी सांगून टाकायचं." पाव्हण्यानं हात जोडले. "शाकाहारी करा, काय बी करा."

सुनेनं अक्षरं मोजली. पंचाहत्तर. पाच शिल्लक राहिली. मला लई बरं वाटलं. ओळ मी केली, ती बसली, आणि तीत माझं गाव होतं. सगळ्यांनी म्हणून बघितली. कुणी अडखळलं नाही. शेवटची डोंगरातली बाई. तिनंही म्हणली, एकही शब्द न चुकता. मग म्हणाली, "बाबा, एक इच्यारू?"

"इच्यार की."

"हे अवसरीवाल्यांचं हाय, मंग मी हितं कशाला बसलेय?"

मी म्हणलं, "अवसरीचं म्हंजी नियम अवसरीचे. वापरायचं कुणीबी."

"तसं त्यात कुठं म्हणलंय? ही वळ ऐकून मी घरातनंच निघायची न्हाई. आन आमच्याकडं इहीर न्हाई, टाकी हाय."

पाव्हणा लगेच सरसावून बसला. तो ह्याचीच वाट बघत होता. "तात्या, नियम तुमचाच हाय. वळीनं माणूस चुकला तर वळ चूक. कुणी चुकून आलं तरी तेच, आन चुकून आलंच न्हाई तरी तेच."

मला राग आला. त्याचा आला, बाईचा आला, सुनेचाही आला, कारण ती गप्प बसली होती. मी म्हणलं, "चाळीस वर्सं वही मी ठिवली. नियम आमच्या सहा घरांनी केलं, भांडून केलं, डोकी फुटली त्याच्यापायी. तुमी आयतं उचललं. एक गावाचं नाव ऱ्हायलं तर कुणाचं काय जातंय?"

पाव्हणा खाली टरबुजाकडं बघायला लागला. लॅपटॉपमधली बाईसुद्धा खाली बघायला लागली.

मी उठलो आणि विहिरीच्या काठावर जाऊन उभा राहिलो. पाणी खोल गेलं होतं, एप्रिलात जातंच. मनात म्हणलं, ह्या पाव्हण्याला मी आठ दिवस फोनवर धुतला. त्याला "मोफत" शब्द आवडत होता म्हणून त्यानं ठेवला होता, लोकांचं नुकसान करायला नव्हे. मला "अवसरी" आवडते म्हणून मी ठेवतोय. त्याच्यात आणि माझ्यात फरक काय? एवढाच, की माझा शब्द माझा आहे. आणि पुढं कोण्या वाडीतलं कुणी ती ओळ वाचून, हे आपलं नाही म्हणून मोबाईल खाली ठेवील, आणि त्यांच्या टाकीवर पुन्हा हंडे एकमेकांवर आपटतील. ते मला दिसणारही नाही. ह्या बाईच्या वेळी निदान ती माझ्या फाटकाशी तरी आली होती.

मला नाव काढावंसं वाटत नव्हतं. आजही वाटत नाही. पण तोंडी करायला मीच सगळ्यांना बोलावलं होतं. माझ्याच तोंडानं हटून बसायचं, तर मग रीत कशाला सांगायची लोकांना?

मी परत आलो. म्हणलं, "काढ."

सून म्हणाली, "काय काढू मामा?"

"अवसरी काढ. इहीर काढ. पाणी लिही. सामाईक पाणी."

तिनं लिहिलं आणि वाचलं:

"सामाईक पाण्याची बारी कुणाची, कधी, हे लक्षात ठेवतं. पाणी देत नाही."

मोजली. पासष्ट. पाव्हणा म्हणाला, "तात्या, पंधरा उरली, त्यात तुमचं नाव घालू का?" मी म्हणलं, "तुझं घाल, म्हंजी लोक शिव्या कुणाला द्यायच्या ते वाचतील." तेव्हा कुठं सगळे हसले.

मग तोंडी करायला बसलो. आधी मी, मग सून. सोलापूरची बाई म्हणायला लागली आणि "पाणी देत" इथंच चित्र गोठलं, तोंड उघडं ते उघडंच. मी म्हणलं, झालं नाही, परत पहिल्यापासून. सून म्हणाली, मामा, नेटवर्क गेलं, त्यांची चूक नाही. मी म्हणलं, आमच्या इथं कुणाला ठसका लागला तरी परत व्हायचं. परत सुरू केलं. डोंगरातल्या बाईनं सगळ्यांत सरळ म्हणली, पाढा म्हणावा तशी. शेवटी पाव्हणा. त्यानं "पाणी देत नाही" असं गिळून म्हणलं. मी परत म्हणायला लावलं. तो रागानं ओरडला, "पाणी! देत! नाही!" आंब्यावरच्या साळुंक्या उडाल्या. मी म्हणलं, हां. झालं.

सुनेनं तिथंच बसून ती ओळ मोबाईलच्या दुकानात घातली, आमच्या पानावर घातली, आणि बाकीच्यांना कळवलं की इथून पुढं हीच, ह्यात एक शब्दही इकडचा तिकडं करायचा असेल तर पुन्हा विहिरीवर यावं लागेल. पाव्हण्यानं टरबूज फोडलं. खाताखाता तो म्हणाला, जुने कागद मी उद्या काढतो, टपरीवरचा आणि आणखी चार ठिकाणचे. मी म्हणलं, "म्हंजी एकूण किती?" तो म्हणाला, "पाच." हिशेब जुळला, म्हणजे खरं बोलत होता.

डोंगरातली बाई टरबूज हातात धरून बसली होती, खात नव्हती. तिला साडेतीनची गाडी धरायची होती.

मी म्हणलं, "खा की. वळ तर झाली."

"तुमची झाली," ती म्हणाली. "माजी वाडी तशीच हाय. चौदा घरांस्नी मी पाणी सांगितलंय, आता मी जाऊन वळ सांगू? मला म्हणतील, आधी एक सांगितलंस, आता दुसरं. बाईच खोटी."

सून म्हणाली, "मी फोन करते त्यांना."

"फोन लागत न्हाई तिकडं."

पाव्हणा म्हणाला, "चिठ्ठी देऊ का आमच्या सहीनं?"

बाई त्याच्याकडं बघून म्हणाली, "कागदानंच तर झालं ना भाऊ सगळं."

माझ्या गुडघ्यांनी डोंगर सोडून दहा-बारा वर्षं झाली होती. घरात विचारलं असतं तर कुणी जाऊ दिलं नसतं. पण तिची बाजू तिच्या तोंडून कुणाला पटणार नव्हती. आणि चूक ज्याच्या घरातून निघाली, त्यानंच ती तोंडानं सांगायला पाहिजे.

मी म्हणलं, "उद्या मी येतो."

सून म्हणाली, "मामा, उन्हात? मी गाडीनं सोडते."

"तू कामाला बस. मी एस.टी.नं जाईन. मला वाट सांगायची गरज न्हाई."

बाई म्हणाली, "गाडीच्या थांब्यापास्नं चढ हाय बाबा, अर्धा तास लागतो."

"मला एक तास लागंल. टाकीपाशी माणसं जमवून ठिव. सगळ्या घरांतली, आन म्हातारीकोतारी आधी. ज्यांना तू फोटोला नेलंस ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या गाडीनं घोडेगाव गाठलं, तिथून डोंगराकडची गाडी धरली. चढाला तास नाही, सव्वा तास लागला, चार ठिकाणी बसलो. टाकीपाशी पंचवीसेक माणसं होती. बाई एका कडेला उभी होती, मान खाली घालून. मी तिला पुढं बोलावलं नाही. टोपी काढली आणि सांगितलं, की कागदावरचं खोटं होतं, ते आमच्याकडून लिहिलं गेलं, ह्या बाईनं जसं वाचलं तसंच सांगितलं, तिचा काही दोष नाही. मग ओळ म्हणली, सावकाश, दोनदा. एक म्हातारी म्हणाली, "मंग आमास्नी एवढं लांब फोटोला कशाला नेलं रं?" तिच्यामागून सगळेच बोलायला लागले. लई बोलले. कुणीतरी दगड पुढं सरकवून म्हणालं, बसा बाबा. मी बसलो नाही. सगळ्यांचं बोलून होईपर्यंत उभा राहिलो.